निळा-हिरवा लागला की संपलंच

दर शनिवारी कोथरूडला मित्राकडे आम्ही आठ जण मॅजिक या पत्त्यांच्या खेळाचा ड्राफ्ट (बंद पॅक फोडून एकेक पत्ता उचलायचा, उरलेले शेजाऱ्याला द्यायचे, आणि उचललेल्यांतूनच डेक बनवायचा) खेळतो आणि परत तेच! पत्त्यांच्या पाच रंगांच्या दोन-दोनच्या १० जोड्या होतात, मग त्यातली एखादी अशी लंगडी का ठेवतात यार? काल निळा-हिरवा बनला. ४० पत्त्यांचा डेक, १७ लँड (‘माना’, म्हणजे बाकीचे पत्ते खेळायची शक्ती, देणारे पत्ते), सगळं नीट बसवलेलं, पण समोरचा लाल-पांढरावाला दुसऱ्या टर्नपासून हाणत सुटला आणि माझ्या हातात सहा माना लागणारे जाडजूड प्राणी नुसते पडून, धड रिमूव्हल (समोरच्याचा प्राणी उडवणारा पत्ता) नाही, कारण हिरव्या पत्त्याने समोरच्याच्या प्राण्याला भिडायला आधी स्वतःचा प्राणी जिवंत लागतो आणि निळा पत्ता त्याचा प्राणी फक्त हातात परत पाठवतो, मेला कुठे तो! वर सगळे म्हणतात, ‘रंग बदलायचास ना.’ अरे, तिसऱ्या, शेवटच्या पॅकला कुठला रंग बदलू?