४५ डिग्रीचा माणूस

दीवला चाललोय म्हटलं की नागपुरात समोरचा एक डोळा बारीक करतो. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, एवढा भूगोल आमच्याकडे सर्वांचाच पक्का आहे. 'नाही हो, समुद्राच्या काठाकाठानं पायी फिरायला,' असं सांगितलं की तो अख्खा हसतो आणि हळूच ब्रँड सांगतो.

सोबत साडभाऊ होते. त्यांचं चालणं म्हणजे नागपुरात फुटाळा तलावावर भुट्टा संपेपर्यंत. पण गाडीत सगळ्या डब्याला ऐकवत होते, "आपण ४५ डिग्रीतले लोकं, बाप्पा! भर मे महिन्यात वरातीत नाचलेलो. समुद्र काय करून राहिला आपलं?"

समुद्रानं पहिल्या अर्ध्या तासात केलं. सकाळी नागोआच्या किनाऱ्यावरून निघालो तेव्हा पारा ३० च्याही खाली होता, आणि साडभाऊ मात्र मानेपासून पोटरीपर्यंत निथळत होते. आमच्या उन्हाळ्यात घाम येतो आणि कोरडी हवा तो लगेच पिऊन टाकते. इथल्या हवेचं पोट आधीच भरलेलं! जुलैत कूलर लावल्यावर खोलीचं जे होतं, तेच आमचं झालं होतं. "३० डिग्रीत काऊन मरून राहिलो जी मी?" ते म्हणाले. या प्रश्नात उकाड्यापेक्षा अपमान जास्त होता.

त्यात वाळू. कोरड्या वाळूत पाय रुततो, म्हणून पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूवरून चालायचं. पण नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून घेतलेले पांढरे बूट भिजतील म्हणून ते वरूनच पाय ओढत राहिले. होक्याच्या झाडाखाली पहिला मुक्काम पडला. ताडाच्या जातीचं झाड, पण चक्क फांद्या फुटलेलं. "याचंही डोकं फिरलं वाटते," साडभाऊ म्हणाले.

फुदमला गंगेश्वर आहे. काठावरच्या खडकांत पाच शिवलिंगं, भरतीच्या लाटा त्यांना न्हाऊ घालतात. आमच्या दोघांच्या बायकांनी हात जोडले. साडभाऊ महादेवाकडं उघड असूयेनं पाहत होते : बसल्या जागी थंड पाणी!

पुढं चक्रतीर्थाजवळ आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ ला ही युद्धनौका दीवच्या समुद्रात बुडाली. तिथं त्यांनी टोपी काढली आणि चकार शब्द बोलले नाहीत. मग जालंधरचा किनारा. मग पोर्तुगीजांचा १५३५ पासूनचा किल्ला, हे खरं जायचं ठिकाण. पण वाटेत नायडा गुहा आल्या. आत सावली, गारवा, वरच्या भोकांतून झिरपणारं ऊन. साडभाऊ एका दगडावर बसले आणि उठेनात.

"भाऊजी, किल्ला राहिला ना," बायकोनं आठवण करून दिली.

गाइड कुणाला तरी सांगत होता, की पोर्तुगीजांनी किल्ल्यासाठी दगड खणून नेला, त्यातून या गुहा झाल्या. साडभाऊंचे कान टवकारले.

"म्हणजे किल्ल्याचा दगड इथलाच?"

"हो."

"मग पाह्यला की जी आपण किल्ला," ते बूट काढत म्हणाले. "फक्त जोडलेला नव्हता."