फुकटचे आठ सेंट

मार्च उजाडला की न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी ग्रुपांवर एकच स्क्रीनशॉट फिरतो. कल्शी, म्हणजे निकालांवरचे करार विकत घ्यायचं ॲप; त्यावर कॉलेज बास्केटबॉलचा सामना, संपायला पाच मिनिटं, 'हा संघ जिंकेल' याच्या 'होय'चा भाव 92 सेंट (जिंकला तर करारामागे एक डॉलर, हरला तर शून्य) आणि खाली प्रवचन: फुकटचे आठ सेंट आहेत, उचला! ज्यांनी अजून उचलले नाहीत त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

आधी घरी सांगून टाका की हा सट्टा नाही, ट्रेडिंग आहे. सीएफटीसीची, म्हणजे वायदेबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची देखरेख आहे म्हटलं की प्रश्न मिटतो.

गणित करू नका. 92 सेंटला 100 करार घेतले की 92 डॉलर अडकतात आणि कल्शीच्या नेहमीच्या सूत्राने 52 सेंट फी जाते. जिंकलात तर सुटतात 7 डॉलर 48 सेंट, हरलात तर बुडतात 92.52. बारा वेळा जिंकून जमवलेलं एका फटक्यात जातं, वर खिशातले जातात ते वेगळेच. कोथिंबिरीच्या जुडीमागे घासाघीस करणाऱ्यांनी इकडे लक्ष देऊ नये.

ऑर्डर कायम मार्केटच टाका, म्हणजे मिळेल त्या भावाची. 92 ला जेमतेम चाळीस करार असतील, उरलेले 94 न् 96 ला मिळतील. मिळतायत ना?

आघाडी बघा, फाउल मोजू नका. पुरुषांच्या सामन्यात समोरच्या संघाच्या हाफमधल्या सातव्या फाउलपासून वन-अँड-वन, म्हणजे पहिला फ्री थ्रो चुकला की दुसरा मिळतच नाही. दहाव्यापासून सरळ दोन. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो तो यासाठीच. 2025 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या (एनसीएए) उपांत्य सामन्यात ड्यूक दुसऱ्या हाफमध्ये 14 गुणांनी पुढे होतं, शेवटच्या मिनिटातही 6 ने. ह्यूस्टन 70-67 ने जिंकलं. शेवटी शेवटी ड्यूकचा वन-अँड-वनमधला पहिलाच थ्रो हुकला होता.

आणि सामना बघायचा तो स्ट्रीमवरच. तुमचा स्ट्रीम मैदानाच्या तीस-चाळीस सेकंद मागे असतो. शॉट क्लॉकच (चेंडू टाकायची मुदत) 30 सेकंदांचं, म्हणजे तुमच्या पडद्यावर चेंडू अजून ड्रिबल होतोय तोवर तिकडे बास्केट होऊन भाव 61 चा 74 झालेला. तुम्ही म्हणता, 'भाव वेडा झालाय, विकतो.' विका! समोर घेणाऱ्याकडे वेगवान डेटा फीड आहे, त्याला तुमच्यासारखेच हवेत. टाइमआउटला लावलेली लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) तर रद्द करूच नका. 70 ला खरेदी लावून चहा करायला गेलात की ती भरते, कधी? संघ ढेपाळून खरा भाव 58 झाला की. सगळं छान चाललं असताना ती कोणी भरत नाही. कशाला भरेल? हे एकदा कळलं की माणूस खेळ चालू असताना उघडी ऑर्डर ठेवत नाही, पण तुम्ही ठेवता, दर शनिवारी ठेवता, आणि वर विचारता 'ॲप फिक्स आहे का?' ॲप फिक्स नाही हो. तुम्ही उशिरा बघताय.

इथवर चाललं असतं, पैसे तुमचे. पण परवा एका ग्रुपवर एका महाशयांनी अभिमानाने दाखवलं, फ्री थ्रो हुकलेल्या पोराला इन्स्टाग्रामवर काय लिहिलं ते. आईवरून. खाली हसण्याचे इमोजी. लाज वाटत नाही? एकोणीस-वीस वर्षांचं पोर आहे ते, तुमच्या मुलाच्या वयाचं. त्याने तुम्हाला 92 ला घ्यायला सांगितलं नव्हतं. तो मेसेज आत्ता डिलीट करा, आणि इमोजी टाकणाऱ्यांनो, तुम्हीही.