गार्नर, कामगार आणि तुमचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जॉन नान्स गार्नरवरच्या लेखाबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. टेक्ससमधल्या एका कामगारद्वेष्ट्या सावकाराला मी शेतकऱ्याचा सदरा घालून मिरवलं, ही एक. आणि आठ वर्षं अमेरिकेचा उपाध्यक्ष राहून त्याने केलं काय, ही दुसरी.

दुसरी आधी घेतो. उपाध्यक्षपद हे त्याचं शिखर नव्हतंच. 1903 पासून तो अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहात (आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात) होता आणि 1931 मध्ये सभापती झाला. खरी सत्ता तिथे होती. 1932 मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला डेमोक्रॅटिक पक्षाचं शिकागोत अधिवेशन भरलं. तिथे मतदानाच्या तीन फेऱ्या होऊनही फ्रँकलिन रूझवेल्टचं बहुमत जुळेना, तेव्हा गार्नरने टेक्सस आणि कॅलिफोर्नियाचे आपले प्रतिनिधी मोकळे केले आणि चौथ्या फेरीत रूझवेल्टची उमेदवारी ठरली. बदल्यात गार्नरला मिळालं ते उपाध्यक्षाचं शोभेचं पद. तरीही पहिली काही वर्षं न्यू डीलची, म्हणजे मंदीतून देश सावरायच्या रूझवेल्टच्या कार्यक्रमाची, विधेयकं संसदेतून पार पडली त्यात त्याच्या जुन्या ओळखीपाळखींचा मोठा वाटा आहे.

आता सदरा. युवाल्डीसारख्या आडगावात वकिली करणारा माणूस जमीन, गुरं, पिकानच्या (अक्रोडासारख्या एका फळाच्या) बागा आणि बँक एकाच वेळी सांभाळत असे, यात ढोंग काही नाही. तो काउंटी जज्ज, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा न्यायाधीश आणि कारभारी होता; खटल्यांबरोबर रस्ते आणि करही त्याच्याच टेबलावर. सावकार म्हणा हवं तर, पण मग गुराखीही म्हणा.

तुम्ही बोट ठेवायला हवं होतं ते वेगळ्याच जागी. राज्याच्या विधिमंडळात असताना त्याने मतदानासाठी डोईपट्टी, म्हणजे मत द्यायचं तर आधी भरावा लागणारा माणशी कर, लावायला पाठिंबा दिला. 1902 मध्ये ती लागू झाली आणि अनेक काळे, मेक्सिकन, गरीब गोरे मतदार यादीबाहेर फेकले गेले. त्याच सुमाराला मतदारसंघांची फेररचना करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं, आणि त्यातून निघालेल्या नव्या पंधराव्या मतदारसंघातून तो स्वतःच निवडून गेला. तिथे ब्राऊन्सविलच्या जिम वेल्ससारखे पुढारी सीमेवरच्या मेक्सिकन मजुरांची मतं गठ्ठ्याने आणून देत. ही त्याच्या कारकिर्दीची सगळ्यात काळी बाजू आहे, कामगारद्वेषापेक्षाही.

कामगारांबाबत तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. 1937 च्या सुरुवातीला कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले आणि रूझवेल्ट गप्प राहिला, तेव्हापासून दोघांचं फाटलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात सहापर्यंत जादा न्यायाधीश घालायचा रूझवेल्टचा बेत आला, तोही गार्नरला पटला नाही. मालमत्तेला कोणी हात घातला की जमीनदार असाच बिथरतो. कामगारनेता जॉन लुईसने 1939 मध्ये संसदेच्या समितीसमोर त्याला पोकर खेळणारा, व्हिस्की पिणारा दुष्ट म्हातारा म्हटलं होतं. (पोकर आणि व्हिस्कीबद्दल वाद नाही!)

पण 1940 मध्ये रूझवेल्टच्या तिसऱ्या कारकिर्दीला विरोध म्हणून गार्नर पक्षाच्या उमेदवारीसाठी आपल्याच अध्यक्षाविरुद्ध उघड उभा राहिला. पक्षाच्या अधिवेशनात त्याला मतं पडली 61, रूझवेल्टला 946. हरणार हे दिसत असूनही तो मागे हटला नाही, म्हणूनच मला त्याच्यावर लिहावंसं वाटलं. डोईपट्टीच्या काळातलं काही तुमच्या वाचनात आलेलं असेल तर जरूर कळवा.