रोजनिशी, शाबासकी आणि मोडीच्या ओळी

उत्साह टिकत नाही अशी तक्रार केली की हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात: रोज डायरी लिहा आणि थोरामोठ्यांकडून प्रेरणा घ्या. दोन्ही योग्यच आहेत. परंतु डायरीत काय लिहावे आणि थोरांकडून नेमके काय घ्यावे हे सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

मी सध्या मोडी लिपी शिकते आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे जे मोडी कागद आहेत, ते स्वतःचे स्वतः वाचता यावेत एवढीच इच्छा आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. मुळाक्षरे लवकर येतात. पण खरा कागद समोर आला, आणि त्यातून तो लिहिणारा कारकून घाईत असला, की ओळखीचे अक्षरही ओळख देत नाही. नोकरी आणि घर सांभाळून करायच्या अशा कामात प्रगती डोळ्यांना दिसत नाही, आणि ती दिसत नाही म्हणूनच मन उडते.

यासाठी मी जी वही ठेवली आहे, तिच्यात संकल्पांना जागा नाही. ‘उद्यापासून रोज एक तास’ अशी वाक्ये लिहिताना फार बरे वाटते आणि आठवड्याने वाचताना केवळ लाज वाटते. त्याऐवजी कोणता कागद घेतला, कुठपर्यंत लागला, कोणते अक्षर अडले आणि ते कशामुळे सुटले, एवढेच मी लिहिते. ‘आज बितपसील (म्हणजे तपशीलवार) न अडखळता वाचले, तारखेतले खमस (अरबी पाच) मात्र शेजारचे साल पाहूनच कळले’ ही नोंद परक्या माणसाला कंटाळवाणी वाटेल, पण कंटाळा आलेल्या संध्याकाळी मला पुन्हा बसवते ती हीच. हार्वर्डच्या संशोधक टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२,००० दैनंदिन नोंदी अभ्यासल्या, तेव्हा त्यांनाही हेच आढळले की ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडे का होईना पाऊल पुढे पडते, त्या दिवशी माणूस सर्वाधिक उमेदीत असतो.

आता शाबासकीविषयी. ज्यांच्याकडून मी मोडी शिकते, त्या सरांबद्दल मला अतिशय आदर आहे आणि ते कौतुकाच्या बाबतीत कमालीचे कंजूष आहेत. माझे लिप्यंतर परत देताना समासात पेन्सिलीने ‘ही ओळ बरोबर, वरची पुन्हा पाहा’ एवढेच असते, आणि पुढच्या भेटीत नमस्कार होण्याआधीच ‘तो कागद लागला का?’ हा प्रश्न येतो. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे, तारीख घालून, त्या ओळीशेजारीच उतरवून ठेवते. कारण आदरणीय माणसाचे कौतुक आठवणीत ठेवले की ते दर खेपेला थोडे फुगते आणि मूळ काम बाजूला पडते. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग या संदर्भात बोलके आहेत. ‘तू हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले पुढे अपयश येताच लवकर खचली, तर कष्टांचे कौतुक झालेली मुले चिकाटीने बसली.

काम ओळखून दिलेल्या शाबासकीचे मोल आपल्या कोल्हापूरला तर वेगळे सांगायला नको. १९२० साली माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या डॉ. आंबेडकरांना जाहीरपणे पुढारी म्हणून मान दिला आणि ‘मूकनायक’ला आर्थिक मदतही केली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्या माणसांना समोरच्याचे काम नेमके ठाऊक होते आणि त्याला पुढे काय लागणार हेही ठाऊक होते. (याच शाहू महाराजांच्या छायाचित्राखाली त्यांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये घालून रोज सकाळी ‘सुप्रभात’ पाठवणाऱ्यांना मी हात जोडते.)

सर्वांनाच असे सर लाभत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ज्यांच्याविषयी आदर वाटतो त्यांना आपण बहुधा ‘मार्गदर्शन करा’ असे मोघम लिहितो, आणि त्याला उत्तर तरी काय द्यावे? रोजनिशी नीट ठेवली असेल तर विचारायला नेमका प्रश्न हाताशी असतो. ‘ही ओळ मी अशी वाचली, तिसऱ्या अक्षराविषयी शंका आहे’ असे लिहून छायाचित्र पाठवले, तेव्हा परगावच्या एका अभ्यासकांनी कोणतीही ओळख नसताना त्याच रात्री सविस्तर उत्तर धाडले, आणि शेवटी पुढचे पान मागवले.