लक्झेंबर्गची स्वतःची भाषा राहिली की!

लेख आवडला, पण लक्झेंबर्गमधे लोक फ्रेंच आणि जर्मन बोलतात एवढंच लिहून पुढे गेलात ते खटकलं. त्यांची स्वतःची लक्झेंबर्गिश आहे ना! १९८४ च्या कायद्याने तिला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला, कायदे मात्र अजून फ्रेंचमधेच लिहितात. आमच्या शेजारच्या आजी सकाळी जिन्यात भेटल्या की "मोयेन" म्हणतात, नातवाशी लक्झेंबर्गिशमधे बोलतात, बेकरीत गेल्या की फ्रेंच कारण काउंटरवरची मुलगी रोज फ्रान्सहून सीमा ओलांडून कामाला येते, आणि घरी येऊन पेपर उघडतात तो जर्मन, हे सगळं तासाभरात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत पण नाही. मला अजूनही दरवेळी भारी वाटतं. जवळपास निम्मी लोकसंख्या परदेशी नागरिकांची, त्यात पोर्तुगीज सगळ्यात जास्त, त्यामुळे बसमधे पोर्तुगीजही कानावर पडतेच.

आणि ऑगस्टअखेर कुणी येणार असेल तर राजधानीतली श्युबरफूअर जत्रा चुकवू नका, १३४० पासूनची आहे. तिथे बटाटा किसून कांदा-पार्सली घालून तळलेल्या चपट्या टिक्क्या मिळतात, कडेने कुरकुरीत, सोबत सफरचंदाचा गोडसर सॉस, गरम असतानाच खायच्या. जायला ट्राम फुकट, २०२० पासून देशभर बस-ट्रेन-ट्राम सगळंच फुकट आहे, फक्त ट्रेनच्या फर्स्ट क्लासला तिकीट लागतं.