पत्र सात जणांचं, फौज विल्यमची, बिल कोणाच्या नावावर?

इंग्लंडची 1688 ची 'रक्तहीन क्रांती' आपल्याकडे दोन ओळींत उरकली जाते. जेम्स दुसरा पळाला, विल्यम आणि मेरी आले, पार्लमेंट जिंकली, झालं. हा विल्यम म्हणजे एक डच सेनापती होता आणि तो सुमारे 15 हजारांची फौज घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला होता, हे त्या दोन ओळींत बसत नाही. (आयर्लंडमध्ये पुढची तीन वर्षं जे झालं त्याला रक्तहीन म्हणणं तर निव्वळ निर्लज्जपणा आहे.) माझं म्हणणं एवढंच, की नको झालेल्या राजाला हटवायला उमराव बाहेरच्याला बोलावतात तेव्हा निमंत्रणाचं पत्र ही त्या सगळ्या मामल्यातली सर्वांत स्वस्त वस्तू असते. बघायचं ते हे की पाहुणा स्वतःच्या कुठल्या कामासाठी निघालाय आणि फौजेचा पगार कोणाच्या खिशातून जाणार आहे.

जेम्स कॅथलिक होता. कायदा धाब्यावर बसवून त्याने सैन्यात कॅथलिक अधिकारी नेमले, विरोध करणाऱ्या सात बिशपांवर खटला भरला. तरी लोक दम धरून होते, कारण राजाचं वय झालं होतं आणि वारस होती प्रोटेस्टंट मुलगी मेरी, विल्यमची बायको. 10 जून 1688 ला राणीला मुलगा झाला आणि हा हिशेब कोलमडला. मूल राणीचं नाहीच, अंथरूण गरम करायच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून आत आणलं, अशी कंडी पिकली आणि शहाण्यासुरत्या माणसांनीही ती मानली. 30 जूनला बिशप निर्दोष सुटले आणि त्याच दिवशीच्या तारखेचं पत्र विल्यमकडे निघालं. (तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाच्या. हॉलंडात तेव्हा दहा दिवस पुढची तारीख असायची.)

पत्राखाली नावं नव्हती, आकडे होते. श्रूसबरी 25, डॅनबी 27, लंडनचा बिशप कॉम्प्टन 31, एडवर्ड रसेल 35, मजकूर लिहिणारा हेन्री सिडनी 33, आणि आणखी दोन, असे सात. उमरावांपैकी हॅलिफॅक्स लांबच राहिला, नॉटिंगहॅमने ऐनवेळी अंग काढून घेतलं. खलिता नेला अॅडमिरल हर्बर्टने, साध्या खलाशाच्या वेशात. मजकूर वाचण्यासारखा आहे. विसातले एकोणीस लोक बदलाला तयार आहेत, राजाचे अधिकारी नाराज आहेत, पुढच्या वर्षापर्यंत थांबलात तर संधी जाईल. आणि मध्येच विल्यमला एक टोमणा: मुलगा झाल्याबद्दल तुम्ही राजाचं अभिनंदन केलंत, त्याने तुमचंच नुकसान झालं, कारण ते मूल राणीचं आहे हे इथे हजारात एकालाही पटत नाही.

पण हे पत्र उमरावांना आपणहून सुचलेलं नव्हतं. एप्रिलअखेर रसेल हॉलंडात गेला तेव्हा विल्यमनेच त्याला सांगितलं होतं, की वजनदार माणसांनी बोलावणं धाडलं तर सप्टेंबरअखेर मी तयार होऊ शकतो. म्हणजे पत्र मागवून घेतलेलं. विल्यमची डोकेदुखी होती फ्रान्सचा चौदावा लुई. इंग्लंडचं आरमार आणि तिजोरी त्याला लुईविरुद्ध हवी होती, निदान लुईच्या बाजूला जायला नको होती. इंग्रजांच्या स्वातंत्र्याचा कळवळा त्याला नसेलच असं नाही, पण त्यासाठी कोणी ऐन वादळाच्या दिवसांत समुद्र ओलांडत नाही.

मग पैसा. विल्यम हॉलंडचा राजा नव्हता, खर्चाला तिथल्या व्यापाऱ्यांच्या सभांची मंजुरी लागायची, आणि ॲमस्टरडॅमवाले चिकट. त्यांना राजी केलं ते लुईनेच! त्याने आधी डच हेरिंग माशांच्या आयातीवर बंदी घातली, जकात वाढवली, मग 1688 च्या शरदात फ्रेंच बंदरांतली डच जहाजं अडकवली. त्यात त्याने आपली फौज ऱ्हाईनकडे, फिलिप्सबुर्गच्या वेढ्याला वळवली. त्यामुळे डच सरहद्द मोकळी झाली. मागे घर राखायला सुमारे 14 हजार जर्मन सैनिक भाड्याने घेतले गेले. शेजारचा मोठा शत्रू दुसरीकडे गुंतलेला असणं, ही या सगळ्याची पहिली अट होती. ती लंडनमधल्या सातजणांच्या हातात नव्हती.

पन्नासेक लढाऊ जहाजं आणि चारेकशे माल-माणसं वाहणारी. बरोबर छापखाना आणि जाहीरनाम्याच्या 60 हजार प्रती. जाहीरनाम्यात गादीवर दावा नाही, मागणी फक्त मुक्त पार्लमेंटची. ऑक्टोबरातला पहिला प्रयत्न फसला. वादळात जहाजांची झाकणं बंद करावी लागली आणि खाली पोटात कोंबलेले शेकडो घोडे गुदमरून मेले. नवे घोडे जमवून 1 नोव्हेंबरला पुन्हा शिडं उभारली. या खेपेला पूर्वेचा वारा असा होता, की डच जहाजं सुसाट गेली आणि इंग्रज आरमार थेम्सच्या मुखाशी अडकून बसलं. 5 नोव्हेंबरला फौज टॉर्बेला उतरली.

जेम्सकडे सैन्य जास्त होतं. सॉल्झबरीला तळ पडला, तिथे राजाच्या नाकातून रक्त वाहायला लागलं ते थांबेना, आणि 23 नोव्हेंबरच्या रात्री त्याच्या विश्वासातला जॉन चर्चिल विल्यमला जाऊन मिळाला. पाठोपाठ धाकटा जावई, मग त्याची बायको, म्हणजे राजाची धाकटी मुलगी ॲन. उत्तरेत डॅनबीने यॉर्क ताब्यात घेतलं. मोठी लढाई न होताच फौज विरघळली. 11 डिसेंबरला जेम्स पळाला, जाताना राजमुद्रा थेम्समध्ये फेकून. आणि मग घोटाळा: फॅव्हरशॅमच्या कोळ्यांनी त्याला पकडलं आणि तो परत लंडनला आला! हाती सापडलेल्या राजाचं करायचं काय? मारला तर हुतात्मा, ठेवला तर राजा. विल्यमने त्याला रॉचेस्टरला पाठवलं. घराची मागची बाजू नदीकडे, आणि तिथला पहारा मुद्दाम ढिला. 23 तारखेला जेम्स फ्रान्सकडे गेला.

त्याच्या आधीची एक रात्र मात्र मला सगळ्यात बोलकी वाटते. 17 डिसेंबरला डच ब्लू गार्ड्स व्हाइटहॉल राजवाड्यावर पहारा बदलायला आले. आतल्या इंग्रज तुकडीचा प्रमुख लॉर्ड क्रेव्हन, वय ऐंशी, जागा सोडायला तयार नव्हता. जेम्सनेच त्याला माघार घ्यायला सांगितलं. लंडनमधल्या इंग्रज पलटणी बाहेर हलवल्या, राजधानीत डच शिपाई. जाहीरनाम्यातलं 'मुक्त पार्लमेंट' या पहाऱ्यात भरलं. काही उमरावांना विल्यम नुसता कारभारी म्हणून हवा होता, काहींना मेरी राणी आणि तो नवरा. त्याने सरळ सांगितलं, असं असेल तर मी परत जातो. 13 फेब्रुवारी 1689 ला मुकुट दोघांना मिळून देण्यात आला आणि कारभार त्याच्याकडे.

तरीही इंग्लंड डचांच्या खिशात गेलं नाही, आणि याचं श्रेय मी उमरावांच्या देशभक्तीला देत नाही. पैशाची चावी पार्लमेंटकडे राहिली. शांततेच्या काळात त्यांच्या संमतीशिवाय कायमचं सैन्य नाही, जकातीचं उत्पन्न नव्या राजाला तहहयात न देता ठरावीक वर्षांपुरतंच. मोहिमेच्या खर्चापोटी डचांना 6 लाख पौंड मंजूर झाले, तेही सभागृहात मतदान करून. फुकट काही पडलं नाही, वर्षभराच्या आत इंग्लंड फ्रान्सशी युद्धात ओढलं गेलं आणि ते युद्ध नऊ वर्षं चाललं. विल्यमचं काम झालं.

इंग्रज उमरावांनी हा प्रकार 1216 मध्येही केला होता. जॉन राजा नको म्हणून फ्रान्सच्या राजपुत्राला बोलावलं. ऑक्टोबरात जॉनच मेला, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाशी कोणाचं वैर नव्हतं, उमराव फिरले. पुढच्या वर्षी पाहुण्याला 10 हजार मार्क देऊन घरी पाठवावं लागलं.

आता बंगाल, 1757. नवाब सिराजउद्दौलाला हटवायला त्याचाच सेनापती मीर जाफर, दरबारी राय दुर्लभ आणि सावकार जगतसेठ ईस्ट इंडिया कंपनीशी बोलले. कंपनीचा वॉट्स बायकांच्या बंद डोलीतून मीर जाफरच्या घरी गेला. मीर जाफरने एक हात कुराणावर आणि एक मुलगा मीरनच्या डोक्यावर ठेवून शपथ घेतली. करारात कंपनीला 1 कोटी, कलकत्त्याच्या इंग्रजांना 50 लाख, तिथल्या हिंदूंना 20 लाख, आर्मेनियनांना 7 लाख. मध्यस्थ उमीचंदला गंडवायला लाल कागदावर खोटा करार झाला. अॅडमिरल वॉटसन त्यावर सही करेना, म्हणून त्याची सही दुसऱ्याने ठोकली. प्लासीच्या लढाईआधी हे बिल तयार होतं आणि ते ज्या खजिन्यावर काढलं तो कोणी मोजलेलाच नव्हता. खजिना अपुरा निघाला. निम्मी रक्कम लगेच, निम्मी तीन वर्षांच्या हप्त्यांनी असं ठरलं. हप्ते थकले, 1760 मध्ये मीर जाफरची गादी गेली, मीर कासिम आला आणि वर्धमान, मेदिनीपूर, चितगाव कंपनीला मिळाले. नवाबाच्या राजधानीत, मुर्शिदाबादेत, 'एवढं देणार नाही' म्हणणारी सभा नव्हती, आणि फौज पूर्णपणे कंपनीच्या पगारावर. जगतसेठ महताबराय 1763 मध्ये मीर कासिमच्या हातून मारला गेला.

आपल्या राघोबादादांची गोष्ट थोडी वेगळी, ते स्वतःच दावेदार होते. पण 6 मार्च 1775 चा सुरतेचा तह याच नजरेने वाचा. इंग्रजांची 2,500 फौज, तिचा दरमहा दीड लाख खर्च दादांकडे, तारण 6 लाखांचे जवाहीर, शिवाय साष्टी आणि वसई. साष्टीतलं ठाणं इंग्रजांनी तहाच्या दोन महिने आधी, डिसेंबर 1774 अखेर स्वतःच जिंकून घेतलं होतं. 1782 च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला, त्यांना महिना 25 हजारांची नेमणूक ठरली, आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.