'दिसेल त्यावर हल्ला' होत नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात एक मजकूर तीनदा आला. त्याचा सारांश असा: किडनीच्या ऑटोइम्यून आजारात (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटते अशा आजारात) प्रतिकारशक्ती कमजोर होते, भरकटते आणि दिसेल त्या अवयवावर तुटून पडते. अँटीबॉडी सगळ्यांच्याच रक्तात असतात, म्हणून त्यांची तपासणी निरर्थक. भस्म घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा.

पाठवणारे काका आपलेच आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे. पण माझ्या मामीनं असंच काहीतरी वाचून, पायांवर सूज असताना तीन महिने डॉक्टरकडे जाणं टाळलं. म्हणून लिहिते.

'दिसेल त्या अवयवावर' हेच मुळात चूक. मामीला मेम्ब्रेनस नेफ्रोपथी आहे, म्हणजे किडनीच्या गाळणीचा असाच एक ऑटोइम्यून आजार. त्यात गाळणीतून प्रथिनं लघवीत गळतात. किडनीच्या गाळणीत पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. २००९ साली बॉस्टनच्या बेक आणि सॅलंट यांच्या गटानं दाखवलं की या आजाराच्या ३७ पैकी २६ रुग्णांच्या अँटीबॉडी या पेशींवरच्या एकाच प्रथिनाला चिकटतात. त्याचं नाव पीएलए२आर. तेही कशा, तर त्याची घडी शाबूत असेल तरच. साडीच्या निऱ्या पिनांनी धरून ठेवाव्यात तसे गंधकाचे बंध त्या प्रथिनाचा आकार धरून ठेवतात. प्रयोगशाळेत ते बंध तोडले की प्रथिन तेच राहतं, पण अँटीबॉडी त्याला ओळखत नाही. इतकी नेमकी ओळख असलेल्या गोष्टीला भरकटलेली कसं म्हणायचं?

गुडपाश्चर या किडनीच्या दुसऱ्या ऑटोइम्यून आजारात तर लक्ष्य लपलेलं असतं. गाळणीच्या पडद्यातल्या कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाच्या साखळ्या घट्ट जुळलेल्या असताना तो भाग झाकलेला राहतो. रचना उसवली की उघडा पडतो. तेच कोलॅजन फुप्फुसातही आहे, म्हणून किडनीबरोबर खोकल्यातून रक्त. यकृत किंवा हृदय नाही.

अँटीबॉडी सगळ्यांच्या रक्तात असतात, हे खरं. प्रश्न त्या कशाविरुद्ध आहेत हा आहे. पीएलए२आरविरुद्धची अँटीबॉडी सापडली तर कित्येकदा बायॉप्सीची सुईसुद्धा टळते. उपचार लागू पडत असेल तर लघवीतली प्रथिनं कमी व्हायच्या बरेच आधी तिची पातळी उतरू लागते. मामीचा रिपोर्ट हाती आला तेव्हा घरात पहिल्यांदा कुणाला तरी धीर आला, कारण आजाराला नाव मिळालं.

कमजोरीचा मुद्दा थोडक्यात: रिटुक्सिमॅब हे औषध अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशींच्या वंशातल्या बी-पेशी कमी करतं, आणि त्यानं अनेकांना आराम पडतो. प्रतिकारशक्ती वाढवून हे व्हायचं नाही.

आता भस्म. याच्यासाठीच मी जास्त अस्वस्थ आहे. मेम्ब्रेनसचाच एक प्रकार असतो, त्यात एनईएलएल-१ नावाचं प्रथिन सापडतं. भारतातल्या डॉक्टरांना अशा बऱ्याच रुग्णांकडे पारंपरिक औषधांचा इतिहास मिळाला, काही औषधांत पारा निघाला. केरळमध्ये गोरेपणाच्या क्रीमनंतर हाच आजार दिसला. वापर थांबवल्यावर अनेकांच्या लघवीतली प्रथिनं कमी झाली. म्हणजे किडनीसाठी म्हणून घेतलेली पुडीच किडनीला बाधू शकते.

काका, तो मजकूर ग्रुपवरून काढून टाका. आणि ज्यांनी तो वाचून पुडी सुरू केली असेल त्यांनी ती पुडी घेऊनच नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे जा, पाकिटासकट दाखवा.